चित्रपटगीतातला राग कसा ऐकावा

‘हे गाणे कोणत्या रागातले?’ हा प्रश्न आपल्याकडे फार सहज विचारला जातो आणि त्याचे उत्तरही तितक्याच सहज, एका शब्दात दिले जाते. यमन. भूप. मालकंस. उत्तर मिळाले की विचारणाऱ्याचे समाधान होते आणि सांगणाऱ्याला आपण जाणकार असल्यासारखे वाटते. गाणे मात्र आधी जेवढे ऐकू येत होते तेवढेच ऐकू येत राहते. रागाचे नाव कळल्यामुळे ऐकण्यात काहीच फरक पडत नसेल, तर ते नाव कळून उपयोग काय, हा माझा या लेखातला मूळ प्रश्न आहे.

मी गोव्यात मराठी शिकवतो. गाण्याची तालीम तरुणपणी काही वर्षे घेतली, पण गायक झालो नाही. त्यामुळे हा विषय मी अधिकाराने नव्हे, तर शिक्षकाच्या गरजेतून मांडतो आहे. वर्गात मला दोन टोकांची मते नेहमी ऐकू येतात. काही विद्यार्थ्यांना चित्रपटगीत म्हणजेच राग वाटतो. गाण्यांची यादी पाठ केली की राग आले, अशी त्यांची समजूत असते. उलट काही ज्येष्ठांना चित्रपटाने रागांची नासाडी केली असे ठामपणे वाटते. गावच्या जत्रेत रात्रभर संगीत नाटके ऐकलेली, भजनी सप्ताहांत वाढलेली पिढी आमच्याकडे अजून आहे. तिच्या कानाला रागाची ओळख नावाने झालेली नाही, सवयीने झालेली आहे. तिची नातवंडे मात्र माझ्या वर्गात बसतात आणि त्यांतल्या बहुतेकांनी एक ख्याल सुरुवातीपासून शेवटपर्यंत कधी ऐकलेला नसतो. त्यांच्यापाशी रागाचा जो काही ठेवा आहे, तो चित्रपटगीतांतून आलेला आहे. तो ठेवा खरा आहे की नुसता नावांचा, याचा विचार म्हणूनच करायला हवा.

अक्षरे तीच, भाषा वेगळी

राग म्हणजे स्वरांची यादी नव्हे, हे वाक्य संगीताच्या प्रत्येक पुस्तकात असते. ते पटते, पण ऐकू येत नाही. ऐकू येण्यासाठी भाषेचे उदाहरण उपयोगी पडते, आणि गोव्यात तर ते हाताशीच आहे. देवनागरीत मराठी लिहिली जाते, कोकणीही लिहिली जाते आणि हिंदीही. अक्षरे तीच आहेत म्हणून भाषा एक होत नाही. कोणता शब्द कुठे येतो, वाक्य कुठे थांबते, कशावर जोर पडतो, यावरून आपण पहिल्या दोन-चार शब्दांतच भाषा ओळखतो.

भूप आणि देसकार या दोन रागांचे नाते असेच आहे. दोन्हींत सा, रे, ग, प, ध हे पाचच शुद्ध स्वर. मध्यम आणि निषाद दोन्हींत वर्ज्य. कागदावर आरोह-अवरोह लिहिला तर फरक दिसणार नाही. पण भूपात वादी गंधार आणि संवादी धैवत, तर देसकारात वादी धैवत आणि संवादी गंधार. भूप खालच्या अर्ध्या सप्तकात रमतो, गंधारावर विसावतो आणि रात्रीच्या पहिल्या प्रहरी गायला जातो. देसकार वरच्या अर्ध्या सप्तकात उजळतो, धैवतावर उभा राहतो आणि सकाळी गायला जातो. थाटांच्या व्यवस्थेतही भूप कल्याण थाटात आणि देसकार बिलावल थाटात मोडतो. स्वर तेच असूनही ‘वाक्य’ वेगळ्या जागी थांबते, आणि तेवढ्याने राग बदलतो.

याचे एक सुंदर उदाहरण म्हणजे ‘भाभी की चूड़ियाँ’ (१९६१) या चित्रपटातले ‘ज्योति कलश छलके’. हा चित्रपट ‘वहिनींच्या बांगड्या’ (१९५३) या मराठी चित्रपटावरून हिंदीत आला, आणि दोन्हींचे संगीत सुधीर फडके यांचे. गीत पंडित नरेंद्र शर्मा यांचे, स्वर लता मंगेशकर यांचा. रागांवर आधारित गाण्यांच्या बहुतेक याद्यांत हे गाणे भूपाखाली असते. काही जाणकार ते देसकारात घालतात. शब्दांत पहाट आहे, म्हणजे वेळेच्या हिशेबाने देसकारच हवा, असा त्यांचा एक मुद्दा असतो.

मला या वादात निकालापेक्षा वादाचे कारण जास्त महत्त्वाचे वाटते. मैफलीत गायकाने पाच मिनिटे आलापी केली की भूप की देसकार ही शंका उरत नाही, कारण तो पुन्हा पुन्हा त्याच जागी परत येऊन ते सिद्ध करतो. गीताला असे काही सिद्ध करायचे नसते. त्याला पहाटेचा प्रकाश दाखवायचा असतो. त्यासाठी तेच पाच स्वर कुठे गंधारावर, कुठे धैवतावर थांबवण्याची मोकळीक संगीतकार घेतो. शिवाय मराठी कानाची आणखी एक गोष्ट आहे. रागाच्या शास्त्रात भूप रात्रीचा, पण मराठी घरात भूपाळी पहाटेची. देवाला जागे करताना म्हणायच्या पदांनाच आपण भूपाळ्या म्हणतो. मराठी घरात वाढलेल्या संगीतकाराला भूपाचे स्वर पहाटेला शोभतात असे वाटले, तर ते केवळ नियमाचे उल्लंघन नव्हे. त्यामागे आपल्या ओसरीवरची एक जुनी सवय उभी आहे, असे मला वाटते.

पाच काळ्या पट्ट्या

स्वर तेच ठेवून केवळ ‘सा’ची जागा बदलली तर काय होते, हे दाखवायला मी वर्गात हार्मोनियम नेतो. प्रयोग सोपा आहे आणि तो गाता न येणाऱ्या शिक्षकालाही करता येतो. फक्त काळ्या पट्ट्या वापरायच्या, पांढऱ्या पट्टीला बोट लावायचे नाही.

काळी तीन हा सा धरला आणि तेथून काळ्या पट्ट्या क्रमाने वाजवल्या, तर सा, रे, ग, प, ध मिळतात. हे भूपाचे स्वर. आता काळी पाच हा सा धरा. त्याच पाच पट्ट्या, पण आता त्यांची नावे सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नि अशी होतात. हे मालकंसाचे स्वर. काळी एकपासून सुरुवात केली तर सा, रे, म, प, ध असे दुर्गा रागाचे स्वर येतात. काळी दोनवरून धानीचे, आणि काळी चारवरून मधमाद सारंगाचे. पाच पट्ट्यांतून पाच रागांचे स्वर! आपल्या जुन्या शास्त्रात याला मूर्च्छना म्हणतात. पण प्रत्येक वेळी मागे सा वाजत ठेवायचा, ही अट महत्त्वाची. सा नसेल तर सगळे एकच वाटते. तो लावला की त्याच पट्ट्यांचा चेहरा बदलतो.

हे करून झाले की मी गाणी ऐकवतो. मालकंसासाठी ‘बैजू बावरा’ (१९५२) मधले ‘मन तड़पत हरि दर्शन को आज’ आणि ‘नवरंग’ (१९५९) मधले ‘आधा है चंद्रमा’. दुर्गासाठी ‘गीत गाया पत्थरों ने’ (१९६४) या चित्रपटाचे शीर्षकगीत. ते किशोरी आमोणकरांनी गायले आहे, आणि त्यांच्या आई व गुरू मोगूबाई कुर्डीकर आमच्या कुर्डी गावच्या, हे सांगितले की वर्गात थोडी चुळबुळ होते.

मालकंसाची ही दोन गाणी शेजारी ठेवण्यासारखी आहेत. पहिल्याचे संगीत नौशाद यांचे, गीत शकील बदायुनी यांचे, आवाज महंमद रफी यांचा. तिघेही मुसलमान, आणि गाणे हरीच्या दर्शनासाठी तळमळणारे. दुसऱ्याचे संगीत सी. रामचंद्र यांचे, म्हणजे आपल्या पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचे. एकात भक्ताची व्याकुळता, दुसऱ्यात चांदण्या रात्रीतला शृंगार. मालकंस हा गंभीर, उत्तररात्रीचा राग. म मध्यभागी धरून स्वरांना जडपणाने आंदोलत नेण्याची त्याची रीत. रफींच्या गाण्यात ती रीत लांब सुरावटींत जपलेली आहे. नवरंगच्या गाण्यात स्वर आणि चलन मालकंसाचेच, पण लय खेळती आहे आणि ओळी आटोपशीर आहेत, त्यामुळे गांभीर्याची जागा लाडिकपणा घेतो. ‘अमुक रागातून अमुक रस’ असा एकास एक हिशेब मांडता येत नाही, हे विद्यार्थ्यांना या दोन गाण्यांतून जितके चटकन कळते तितके व्याख्येतून कळत नाही. राग रसाची शक्यता देतो. ती लय, शब्द आणि गळा यांतून प्रत्यक्षात येते.

यमनाबाबतही हेच. ‘सरस्वतीचंद्र’ (१९६८) मधले ‘चंदन सा बदन’ प्रियेच्या रूपाचे वर्णन करते. ‘परवरिश’ (१९५८) मधले ‘आँसू भरी हैं’ अश्रूंनी भरलेले आहे. दोन्ही गाण्यांचा पाया यमन. दुसऱ्याचे संगीतकार दत्ताराम वाडकर. गोमंतकाशी नाते असलेले, शंकर-जयकिशन यांचे सहायक, आणि ‘दत्ताराम ठेका’ म्हणून वादकांत प्रसिद्ध असलेल्या तालाचे जनक.

तीन मिनिटांचा संसार

राग आणि चित्रपटगीत यांच्यातला खरा फरक शुद्ध-अशुद्धतेचा नाही, वेळेचा आहे. पूर्वीच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन ते साडेतीन मिनिटांचे ध्वनिमुद्रण बसत असे. चित्रपटगीताचा आकार या मापात घडला, आणि तबकड्या गेल्यावरही बराच काळ तोच राहिला. त्या उलट इंदूरचे उस्ताद अमीर खाँ अतिविलंबित झूमऱ्यात ख्याल मांडत, तेव्हा चौदा मात्रांचे एकच आवर्तन सुमारे एक मिनिट घेई. म्हणजे खाँसाहेबांची तीन-चार आवर्तने होईपर्यंत चित्रपटगीत संपूनही जाई. त्यातही काही वेळ वाद्यवृंदाच्या मधल्या तुकड्यांचा.

एवढ्या वेळात रागाची बढत शक्य नाही. बढत म्हणजे एकेक स्वर उलगडत जाणे, श्रोत्याला वाट पाहायला लावणे. षड्जाकडे परतण्याची ओढ निर्माण करायला वेळ लागतो. गीतकार आणि संगीतकार यांनी त्यावर जो उपाय शोधला तो म्हणजे मुखडा. रागाची सगळ्यांत ओळखीची सुरावट, जिला आपण पकड म्हणतो, ती पहिल्याच ओळीत द्यायची आणि प्रत्येक अंतऱ्यानंतर तिच्याकडे परतायचे. ख्यालात जी ओळख हळूहळू होते, ती गीतात दारातच होते. म्हणून गीताला मी रागाचा संक्षेप म्हणत नाही. संक्षेपात मूळ मजकूर थोडक्यात सांगितलेला असतो. गीत ही रागाच्या भाषेत लिहिलेली स्वतंत्र, छोटी कविता असते. कादंबरी आणि भावकविता यांच्यात जितका फरक, तितका येथेही.

या दृष्टीने पाहिले तर रागाशी नाते सांगणाऱ्या गाण्यांचे तीन गट पडतात. वर्गात मला ही विभागणी फार उपयोगी पडते.

पहिला गट, राग म्हणूनच गायलेल्या गाण्यांचा. कथेलाच गायन हवे असते, म्हणून चित्रपट रागाला जागा देतो. ‘बैजू बावरा’तली तानसेन आणि बैजू यांची स्पर्धा देसी रागात आहे. तानसेनासाठी अमीर खाँ आणि बैजूसाठी दत्तात्रेय विष्णु पलुस्कर गायले. कथेप्रमाणे बैजू जिंकतो. ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) चे शीर्षकगीत अडाण्यात, तेही अमीर खाँचे, वसंत देसाईंच्या संगीतात. ‘बसंत बहार’ (१९५६) मध्ये पंडित भीमसेन जोशी आणि मन्ना डे समोरासमोर आले, आणि कथेची गरज म्हणून भीमसेनजींच्या बाजूला हार पत्करावी लागली. ‘मुग़ल-ए-आज़म’ (१९६०) मध्ये बडे गुलाम अली खाँ यांनी सोहनी आणि रागेश्री गायला. ही गाणी म्हणजे चित्रपटात आलेली छोटी मैफलच.

दुसरा गट, रागाच्या चलनात पूर्ण बांधलेल्या गीतांचा. येथे पात्र गवई असेलच असे नाही, पण मुखड्यापासून अंतऱ्यापर्यंत रागाची शिस्त पाळलेली असते. ‘गुड्डी’ (१९७१) मधले वाणी जयराम यांनी गायलेले ‘बोले रे पपीहरा’ हे मियाँ मल्हारातले गीत, आणि त्याच चित्रपटातली केदारातली प्रार्थना, दोन्ही वसंत देसाईंची. ‘मेरी सूरत तेरी आँखें’ (१९६३) मधले मन्ना डे यांचे ‘पूछो न कैसे’ अहीर भैरवात आहे. संगीत सचिन देव बर्मन यांचे. सरलेल्या रात्रीचे दुःख सांगायला सकाळचा राग घेतला, यात किती औचित्य आहे पाहा. दुःख रात्रीचे आहे, पण सांगणारा पहाटे उभा राहून सांगतो आहे.

तिसरा गट सर्वांत मोठा. त्यात मुखडा रागात असतो, पण अंतरा भावाच्या ओढीने बाहेर जातो. एखादा वर्ज्य स्वर येतो, दुसऱ्या रागाची सावली पडते आणि गीत पुन्हा मुखड्याकडे परतते. अशा गाण्यांना ‘अमुक रागातले’ म्हणण्यापेक्षा ‘अमुक रागाच्या छायेतले’ म्हणावे. भैरवी, पहाडी, पिलू, खमाज या रागांत हे विशेष खपते, कारण मैफलीतही त्यांना मोकळीक असते. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत जन्मलेले आणि देवासला स्थिरावलेले कुमार गंधर्व माळव्याच्या लोकगीतांत राग शोधत गेले. लोकधुनेत रागाचे बीज असते, हे त्यांनी ‘धुनउगम’ रागांतून दाखवले. त्या नजरेने पाहिले, तर राग धुनेतून वर आला आणि गीतात पुन्हा धुनेजवळ गेला, एवढेच म्हणता येईल. त्यात घसरण पाहण्याचे कारण नाही.

गोव्याचे वादक आणि एक अडचण

चित्रपटसंगीतात रागाशी ज्याची गाठ पडली असा आणखी एक पक्ष आहे, तो म्हणजे पाश्चात्त्य वाद्यवृंद. येथे गोव्याचा संबंध थेट येतो. गोव्यात चर्चशी जोडलेल्या संगीतशाळांत स्वरलिपी वाचायला शिकलेले वादक मुंबईला गेले आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांचा कणा बनले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशनांचे वाद्यवृंद-संयोजक सेबॅस्टियन डिसोझा, हळदोण्याचे चिक चॉकलेट ही त्यांतली मोठी नावे. संगीतकार चाल गाऊन दाखवी, हे लोक ती कागदावर उतरवत आणि वाद्यांत वाटून देत.

अडचण अशी की पाश्चात्त्य संगीत स्वरांना एकत्र वाजवते. एकाआड एक असे तीन स्वर मिळून कॉर्ड होते. राग मात्र एका वेळी एकाच स्वराचा असतो, आणि काही स्वर त्याला चालतच नाहीत. भूप घ्या. षड्जावर सा-ग-प अशी कॉर्ड बसते. धैवतावर ध-सा-ग बसते. पण पंचमावर कॉर्ड उभी करायची म्हटली तर प-नि-रे लागते, आणि निषाद तर भूपात वर्ज्य. म्हणजे भूपाच्या स्वरांतून फक्त दोन कॉर्ड मिळतात. मालकंसात अडचण आणखी गमतीची आहे. तेथे षड्जावरची कॉर्ड सा-कोमल ग-प अशी होते, पण मालकंसात पंचमच नाही. ज्या रागासाठी तानपुऱ्याची पंचमाची तार मध्यमात मिळवतात, त्या रागात घराच्या मुख्य दारातच पंचम येऊन उभा राहतो! येथेही म-कोमल ध-सा आणि कोमल ध-सा-कोमल ग या दोनच कॉर्ड हाती उरतात.

मग वाद्यवृंद काय करतो? रागाच्या ओळीखाली तो कॉर्ड आवरती घेतो. व्हायोलिने मूळ चालीच्याच स्वरांत, वरच्या वा खालच्या सप्तकात वाजतात, किंवा रागाच्या स्वरांतूनच दुसरी एक ओळ गुंफतात. भरगच्च वादन मधल्या तुकड्यांत होते, जेथे गायक गप्प असतो. विद्यार्थ्यांनी हे एकदा ऐकले की त्यांना कळते की वाद्यवृंदाचे काम नुसते सजावटीचे नव्हते. राग मोडू न देता तो गर्दीतून नेण्याचे ते काम होते. आमच्या गावांतले हे लोक यमन-भूपाच्या तालमीत वाढलेले नव्हते. तरी त्यांनी हा विवेक राखला, याची नोंद आपण मराठी लिहिणाऱ्यांनी घ्यायला हवी.

शब्दांचा हिशेब

आता जे आपल्या खास विषयाचे, त्याकडे येतो. राग आणि शब्द यांची गाठ मराठीत पहिल्यांदा घातली ती चित्रपटाने नव्हे, संगीत नाटकाने. नाटकांच्या जुन्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर रागाचे आणि तालाचे नाव असते, आणि ‘चाल’ म्हणून मूळ चिजेची सूचना असते. म्हणजे आधी चीज होती आणि तिच्या मापात मराठी शब्द बसवले गेले. ‘स्वयंवर’ (१९१६) नाटकाच्या चाली भास्करबुवा बखले यांच्या. बडोदे संस्थानातल्या कठोरचे आणि बडोद्यात शिकलेले हे बुवा. ‘नाथ हा माझा’ हे यमनातले पद त्याच नाटकातले. बुवांचे शिष्य मास्टर कृष्णराव, तसेच गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे ही मंडळी पुढे बोलपटांत आली. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या पहिल्या मराठी बोलपटाचे संगीत टेंब्यांचे. चित्रपटातला राग म्हणून आपल्याला परका नव्हता. तो रंगमंचावरून पडद्यावर आला, इतकेच.

शब्द चालीत बसवताना मराठीची एक खोड आडवी येते. बोलताना आपण शब्दाच्या शेवटचा अकार गिळतो. ‘चंदन’, ‘पावन’, ‘घर’ हे शब्द व्यंजनावर संपतात. लिहितो पूर्ण, बोलतो अर्धे. गाताना मात्र व्यंजनावर थांबता येत नाही, कारण सूर धरायला स्वर लागतो. मग गायक गिळलेला अकार परत आणतो, आणि ‘घर’ दोन मोकळ्या अक्षरांचे होते. अभंग म्हणणाऱ्या वारकऱ्याला आणि भजन म्हणणाऱ्या आमच्या गावच्या मंडळींना हे न शिकवता येते. वर्गात मात्रा मोजायला शिकवताना ‘सर, घर या शब्दाच्या दोन मात्रा कशा?’ असा प्रश्न येतो तेव्हा मी फळ्यावर काही लिहीत नाही, त्यांना गायला लावतो. छंदःशास्त्राने जपलेला अकार गळ्यात अजून जिवंत आहे, हे त्यांना तेथेच सापडते.

चांगला गीतकार म्हणूनच ओळीच्या शेवटी, जेथे राग विसावतो तेथे, दीर्घ स्वर ठेवतो. ‘गुळाचा गणपती’ (१९५३) मधले ‘इंद्रायणी काठी’ पाहा. गीत ग. दि. माडगूळकरांचे, संगीत पु. ल. देशपांड्यांचे (बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयाशी त्यांचा संबंध आपल्या वाचकांना ठाऊक आहे) आणि गायन भीमसेन जोशींचे. पहिल्या दोन शब्दांतच दोन दीर्घ ईकार आहेत आणि दोन्ही शब्दांच्या अखेरीस आहेत. गायकाला थांबायला, सूर लांबवायला जागा शब्दांनीच करून दिली आहे. राग भीमपलास, आरोहात ऋषभ-धैवत सोडणारा, मध्यमावर भर देणारा, दुपारचा. शब्दकळा अभंगाची, राग मैफलीचा, माध्यम चित्रपटाचे, आणि तरी कोठे शिवण दिसत नाही.

याच भीमपलासात मदनमोहन यांनी ‘मेरा साया’ (१९६६) मध्ये ‘नैनों में बदरा छाए’ बांधले. हा चित्रपटही ‘पाठलाग’ (१९६४) या मराठी चित्रपटावरून केलेला. ही दोन गाणी लागोपाठ ऐकवली की एकाच रागाच्या दोन बोली ऐकू येतात. एकीत टाळ-मृदंगाच्या घरातला ठामपणा, दुसरीत मींडेने स्वर ओलावत नेणारा मृदुपणा. आपणही इंदूरची, बडोद्याची, बेळगावची आणि गोव्याची मराठी वेगवेगळ्या वळणांची म्हणून ओळखतो, आणि तरी मराठीच म्हणतो.

शिक्षकांसाठी तीन सूचना

एक, रागाचे नाव शेवटी सांगा. आधी गाणे दोनदा ऐकवा आणि विचारा, ओळ कुठे थांबते? तो थांबलेला स्वर विद्यार्थ्यांना गुणगुणायला लावा. तो स्वर सापडला की अर्धा राग सापडला. ‘ज्योति कलश छलके’ यासाठी उत्तम, कारण तेथे वर्गात दोन तट पडतात आणि दोघांनाही पुन्हा ऐकावे लागते.

दोन, एका रागाची एकाहून अधिक गाणी घ्या आणि तीही परस्परविरोधी भावाची. मालकंसाची वर सांगितलेली जोडी किंवा यमनाची जोडी पुरेशी आहे. एका रागाखाली वीस गाण्यांची यादी लिहून देण्यापेक्षा दोन गाणी नीट ऐकवणे अधिक फळते.

तीन, गीतानंतर त्याच रागातला ख्याल, निदान दहा मिनिटे, ऐकवा. गाण्याने दार दाखवलेले असते, त्यामुळे आता विद्यार्थी आत यायला तयार असतो. मुखड्यात जी सुरावट तीन सेकंदांत आली, तिच्यापर्यंत पोचायला गायक किती वेळ घेतो आणि का घेतो, हे तो स्वतः विचारू लागतो. असा प्रश्न वर्गातून येऊ लागला की माझे त्या तासाचे काम झाले असे मी समजतो.

चित्रपटाने राग बिघडवला की टिकवला, या वादात मी आता पडत नाही. घरात ग्रामोफोन नव्हता, मैफल दूर होती, अशा लाखो घरांत रेडिओवरच्या गाण्यांनी भूपाचा गंधार आणि मालकंसाचा मध्यम पोचवला. तो कानात आहे, फक्त त्याला नाव नाही. आजच्या मुलांकडे उलटे झाले आहे, नाव आहे पण कान नाही. हा कान परत घडवणे संगीताच्या शिक्षकाइतकेच भाषेच्या शिक्षकाचेही काम आहे. कारण जो कान ओळ कुठे थांबते हे ओळखतो, तोच कान कवितेतली यती आणि चांगल्या गद्यातला विराम ओळखतो.